अंबूबाईच्या पाठीवरचे इरले

मित्रांनो, जरा वर बघा. चुलीच्या वरच्या वाशाला पालथ्या होडीसारखे काळेकुट्ट काहीतरी टांगलेले दिसते ना? तेच मी. मी एक जुने इरले आहे. माझ्या अंगावर काजळीचा थर आहे, धुराचा वास तर इतका मुरला आहे की पावसात भिजले तरी जात नाही. पण म्हणून मला अडगळ समजू नका. तसे समजणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही.

तुमच्यातल्या काहींनी इरले पाहिलेही नसेल. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चिखलात वाकून करायची असते. वरून आषाढाच्या धारा कोसळत असतात. तेव्हा बायका डोक्यावरून पाठीवर जे पांघरतात ते इरले. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये पळसाच्या पानांचे थर, एवढाच माझा देह. छत्री उभ्या माणसाचे डोके झाकते. वाकलेल्या माणसाच्या पाठीचे तिला काही ठाऊक नसते. छत्रीविषयी मला आणखीही बोलायचे आहे, पण ते पुढे.

माझा जन्म १९५१ सालच्या वैशाखातला. मुरबाड तालुक्यातल्या धसई गावापासून कोसभर आत, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथला बुध्या बांबूच्या कामात तरबेज. चांदण्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला कीड लवकर लागते असे तो म्हणे, म्हणून माझा बांबू त्याने अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला. त्याच्या कामट्या काढल्या, तासून गुळगुळीत केल्या आणि सहाकोनी डोळ्यांची जाळी विणायला घेतली. माप घ्यायला अंबूबाई स्वतः वाडीवर आली होती. ती खालच्या गावातली शेतकरीण. तेव्हा पन्नाशीला टेकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, आणि चालणे असे की बरोबरच्या माणसाला पळावे लागे. बुध्याच्या बायकोने, ठमीने, तिला आवणीत वाकतात तसे वाकायला लावले आणि डोक्यापासून कमरेखालपर्यंत विती मोजल्या.

"ह्या तुझ्या पाठीचं माप हाय, बाय," बुध्या म्हणाला. "दुसरीला बसाचं नाय."

मला तिच्या हातात देताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी जन्मभर विसरले नाही. "पावसाळा सरला का याला धुरात टांग. दरसाल पाला बदल. नि दरसाल घाल. नुसतं ठेवलंस तर कीड याला जगू द्याची नाय."

पुढची दहा वर्षे आम्ही दोघांनी गाजवली. खोटे कशाला बोलू, मला त्याचा गर्व आहे. बायकांच्या ओळीत अंबूबाई पहिली उभी राही आणि तिच्या हाताच्या वेगाने बाकीच्यांचे हात चालत. गाणे तीच उचले. दुपारी भाकरी खायला सगळ्या बांधावर बसल्या की एकीची पाठ भिजलेली, दुसरीचा खांदा गारठलेला, आणि अंबूबाईचे लुगडे पाठीवर कोरडे ठणठणीत. "बुध्यानं हिला येगळं करून दिलंय," असे म्हणून बायका नाक मुरडत. मी वरून पाणी निथळत गप्प बसे, पण मनातून फुलून जाई. दर ज्येष्ठात अंबूबाई माझा जुना पाला काढून नवा भरी. कामट्या त्याच, पाने कोवळी. दर वर्षी मी म्हातारे होई आणि दर वर्षी नवे होई.

आमच्या गावात आवणी सावडीने होते. आज सगळ्यांनी एकाच्या शेतात राबायचे, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घरची जितकी माणसे जातील तितकीच माणसे त्या घरच्या शेतात परत येतात. गावातला वाळू नावाचा गडी आदल्या संध्याकाळी घरोघर फिरून विचारतो, "उद्याला तुमची किती मानसं?" अंबूबाईच्या घराचे उत्तर ठरलेले होते. "तीन." एक तिचा मुलगा महादू, दुसरी सून भागीरथी आणि तिसरी ती स्वतः. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

१९६१ च्या आषाढात घात झाला. रोपांच्या मुठी घेऊन अंबूबाई बांधावरून येत होती. बांध शेवाळलेला. तिचा पाय सटकला आणि ती भाताच्या खाचरात पडली. मी तिच्या पाठीखाली चेंगरले, पण पाठ वाचवली. पाय वाचवणे माझ्या हातात नव्हते. डाव्या घोट्याजवळ हाड मोडले. हाडवैद्याने पायाला बांबूच्याच कामट्या लावून करकचून पट्टी बांधली. माझ्याच भावंडांनी तिचा पाय धरला आहे हे पाहून मला तेवढाच धीर आला. नवरात्राच्या सुमारास पट्टी सुटली. वैद्याने पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, "हाड जुळलं. आता हलूहलू चालवा."

पण ते चालवणे झालेच नाही. महादू वाईट मुलगा नव्हता हो. त्याचे आईवर फार प्रेम होते, आणि नेमके तेच आड आले. आईने तरुणपणी एकटीने शेत ओढले हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. "आये, आता तू बस. जलमभर राबलीस," तो म्हणाला. "तू चिखलात उतरलीस त लोक मला काय म्हनतील? म्हातारीला राबवतो म्हनतील." पौषात म्हसा गावच्या जत्रेतून त्याने तिच्यासाठी नवी कोरी घोंगडी आणली आणि ओटीवर तिची जागा करून दिली. पाणी हातात, भाकरी हातात. उठायचे कारणच उरले नाही.

माझ्याशीही तो असाच प्रेमाने वागला. त्याने मला ओढ्यावर नेऊन घासले, दहा वर्षांची काजळी धुऊन काढली, उन्हात वाळवले, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि ओटीवरच्या माळ्यावर ठेवले. तिथे स्वच्छ होते, कोरडे होते आणि धूर अजिबात येत नव्हता. "आयच्या हातचं हाय. नीट ऱ्हाऊ दे," असे तो भागीरथीला म्हणाला. मी सांगते, पहिले चार दिवस मला फार बरे वाटले. इतका मान मला कोणी दिला नव्हता.

मग ती आली. आधी एका कामटीत बारीक कुरकुर ऐकू आली. नंतर दुसरीत. कीड घाई करत नाही, मित्रांनो. ती आतून खाते. बाहेरून मी होते तसेच दिसत होते, आणि आत माझे पीठ होत होते. ओरडायला मला तोंड नव्हते.

खाली ओटीवरही तेच चालले होते. माळ्याच्या फळ्यांमधून मला सगळे ऐकू येई. सुरुवातीला अंबूबाई भिंतीला धरून दारापर्यंत जाई. पुढे ते जिवावर येऊ लागले. दीड भाकरी खाणारी बाई अर्धी खाऊन ताट सरकवू लागली. दिवसा डुलक्या काढी. गुडघे असे आखडले की उठवायला दोघे लागत. सगळ्यात वाईट म्हणजे ती बोलेनाशी झाली. पुढच्या पावसाळ्यात वाळू दारात येऊन विचारू लागला, "किती मानसं?" आणि ओटीवर बसलेल्या आईच्या देखत महादू सांगे, "दोन." त्या पावसाळ्यात मी हा आकडा कितीदा ऐकला. पुढच्या पावसाळ्यातही तोच. वाळू गेल्यावर बराच वेळ अंबूबाईच्या चांदीच्या बांगड्यांचा आवाज येत नसे.

१९६४ चा चैत्र उजाडला. एका सकाळी अंबूबाईच्या घोंगडीवर पिवळट भुकटी पडलेली होती. भागीरथी झटकायला गेली, तर तिने सुनेचा हात धरला. चिमूटभर भुकटी बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि ती एकदम ताठ बसली.

"भागी, ह्या बांबूचं पीठ हाय. वर काय ठेवलंय गो?"

भागीरथीने शिडी लावून मला खाली काढले. लुगडे सोडताच ओंजळभर पीठ जमिनीवर सांडले. अंबूबाईने माझ्यावर बोट टेकवले, तर दोन कामट्या कट्‌कन मोडल्या. मला लाज वाटली. दहा पावसाळे हिच्या पाठीशी उभे राहिलेले इरले आता एका बोटाचा भार सोसेना.

अंबूबाईच्या डोळ्यांना धार लागली. ती रडत रडतच म्हणाली, "याला कोनी मोडला नाय गो. याला नुसता ठेवला." मग तिने आपल्या पायाकडे पाहिले. डोळे पुसले आणि म्हणाली, "बुध्याकडं न्याला पायजे."

संध्याकाळी महादू धसईच्या बाजारातून आला. झाले ते ऐकून त्याला वाईट वाटले. "उद्याच गाडी जुपतो नि वाडीवर टाकून येतो," तो म्हणाला.

"तू नाय. मी नेनार. चालत."

"आये, तुला दार वलांडता येत नाय!"

"म्हनूनच."

महादूने समजावले, मग चिडला, मग न जेवता उठला. अंबूबाई बधली नाही. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तिने मला पाठीवर बांधायला लावले, हातात काठी घेतली आणि उंबरा ओलांडला. अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली आणि धापा टाकत खाली बसली. दहा पावले असतील. वाडी तिथून अर्ध्या कोसावर. मोडके मी तिच्या पाठीवरून हे अंतर पाहत होते आणि खरे सांगते, माझा धीर सुटला होता. तिचा सुटला नव्हता.

रोज सकाळी ती निघे. कालच्यापेक्षा थोडेसेच पुढे, जास्त नाही. तुळशीपासून गोठा. गोठ्यापासून चिंच. चिंचेखालच्या दगडावर बसून ती दम खाई, पाय दाबी आणि परत फिरे. दुपारी भागीरथी तिच्या गुडघ्यांना तेल चोळी. आधी सून भीत भीत सोबत चाले, पुढे तीच दारात उभी राहून म्हणे, "आत्या, आज आंब्यापातुर जावा." आठ दिवसांत अंबूबाईने पुरी भाकरी खाल्ली आणि वर कालवण मागितले. त्या दिवशी भागीरथी चुलीपुढे बसून हसली, नि मग डोळे पुसू लागली. गावात काहीजण म्हणाले की म्हातारीला खूळ लागले. अंबूबाईने ऐकले आणि ऐकून न ऐकल्यासारखे केले.

एक दिवस मात्र तिचा अंदाज चुकला. वाटेतल्या कोरड्या ओहोळात उतरताना रेतीत तिचा पाय रुतला आणि ती पडली. हाड मोडले नाही, पण उठता येईना. ऊन चढू लागले. शेवटी महादू शोधत आला. त्याने तिला पाठीवर घेतले. तिच्या पाठीवर मी, असे आमचे वरातीसारखे ध्यान घरी आले. "बास आता," तो म्हणाला. "तुला काय झालं त मी काय करू? आता घराभायेर पाऊल टाकाचं नाय."

अंबूबाई शांतपणे म्हणाली, "म्हादू, बसून बसून मी जी मरतेय ती तुला दिसत नाय. पडली ती तेवढी दिसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तुळशीपासून सुरू झाली. पहिल्या दिवसासारखी, दहा पावलांपासून. त्या सकाळी मी मनाशी ठरवले की ही जर वाडीपर्यंत पोचली, तर मीही धुळीला मिळणार नाही.

वैशाख सरत आला असताना आम्ही वाडीवर पोचलो. बुध्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचे माणूस त्याला सावलीसारखे दिसे. तरी तो झोपडीपुढे बसून टोपली विणत होता. ठमी कामट्या काढून हातात देई आणि त्याची बोटे पुढचे काम करत. त्याने मला मांडीवर घेतले, बोटांनी कामटीन् कामटी चाचपली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"धुरातून कोनी काढला याला?"

"पोरानं. मायेनं काढला."

"मायेनं!" बुध्या खेकसला. मग म्हणाला, "नि तुला गो? तुला कोनी काढली?"

अंबूबाई खळखळून हसली. अडीच वर्षांत तिचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले.

बुध्याने सात कामट्या काढून टाकल्या आणि सात नव्या घातल्या. बाकीच्या ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "ह्या अजून पक्क्या हायत." या कामाला चार दिवस लागले. ते चारही दिवस अंबूबाई चालत आली आणि चालत गेली. पळसाची पाने तिने स्वतः निवडली. ठमी आणि ती पाने लावता लावता इतक्या बोलत की बुध्या वैतागून म्हणे, "माझं बोट चुकतंय गो!"

आषाढ आला. आमच्या शेतातल्या आवणीचा दिवस उजाडला. अंबूबाई मला पांघरून खाचराकडे आली तेव्हा ओळीतल्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. ती पूर्वीसारखी पहिली उभी राहिली नाही. तिला आपली ताकद ठाऊक होती. आधी ती रोपांच्या वाफ्यात बसून मुठी बांधत राहिली. दमली की थांबे, घोटभर पाणी पिई, पुन्हा लागे. तिसऱ्या प्रहरी मात्र ती खाचरात उतरली आणि ओळीच्या टोकाला वाकली. तिच्या पाठीचा तो बाक! ज्या मापाने मला बनवले होते ते माप तीन वर्षांनी मला परत भेटले. पाऊस माझ्यावर कोसळत होता आणि खाली तिची पाठ कोरडी होती. गाणे तिनेच उचलले. आवाज थोडा चिरका झाला होता, पण बायकांनी तो लगेच झेलला.

इतक्यात महादू बांधावरून धावत आला. मुरबाडच्या बाजारातून आणलेली नवी काळी छत्री त्याने आईच्या डोक्यावर धरली. "आये, निदान ही त घे!"

अंबूबाईने वाकल्या वाकल्याच मान वळवली. "छत्रीला एक हात अडकतो रे. मला दोनी हात मोकले पायजेत."

आता कळले का, मित्रांनो, छत्रीविषयी मला काय बोलायचे होते? माझ्या मालकिणीने ते माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

महादू छत्री धरून तसाच उभा राहिला. मग त्याने छत्री मिटली, बांधावर ठेवली आणि आईच्या शेजारी रोपांची मूठ घेऊन वाकला. भिजत. एक ओळ पुरी होईपर्यंत आईचा वेग त्याने सांभाळला, नि मला वाटते तिनेही त्याचा.

त्या संध्याकाळी वाळू दारात आला. अंबूबाई ओटीवर बसून पायांचा चिखल खरवडत होती. मी अंगणात पाणी निथळत पालथे पडले होते. वाळूने नेहमीसारखे विचारले, "उद्याला तुमची किती मानसं?"

महादूने आईकडे पाहिले नाही. तो वाळूकडे बघूनच मोठ्याने म्हणाला, "तीन."

अंबूबाईच्या बांगड्या एकदम वाजल्या. तिने खरवडायचा दगड बाजूला ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

त्यानंतर महादूने मला स्वतःच्या हाताने चुलीवरच्या या वाशाला टांगले. त्याला आज पाच वर्षे झाली. अंबूबाई आता सत्तरीकडे झुकली आहे. आवणीत ती अर्धाच दिवस असते, उरलेला वेळ वाफ्यावर देखरेख करते आणि कोणाची मूठ सैल असली तर रागावते. सकाळी चिंचेपर्यंत जाऊन येणे तिने एक दिवसही चुकवलेले नाही. पुरी भाकरी खाते. आठवड्यातून एकदा वाडीवर जाऊन बुध्या-ठमीशी भांडून येते. तिला पाहून मला एक गोष्ट पटली आहे. म्हातारपणाने मोडण्याआधी आपण बऱ्याचदा न वापरल्याने मोडतो.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने कोणी असेल, माणूस किंवा वस्तू, तर मान देऊन माळ्यावर ठेवू नका. घराचा धूर लागेल, बोलणे कानावर पडेल, अशा जागी ठेवा. झेपेल तेवढे काम मागा. आणि उद्याची माणसे मोजताना त्यांना सोडू नका.

पुरे आता. ज्येष्ठ लागला आहे. दारात पळसाच्या पानांचा भारा येऊन पडला आहे, वाडीवरून आलेली ठमी पाने निवडायला बसली आहे, आणि ओटीवरून ती ओळखीची हाक येते आहे.

"भागी, माझं इरलं काढ गो खाली!"